देशमुख, चिंतामण द्वारकानाथ

(१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२). रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री व संस्कृतज्ञ. जन्म महाडजवळील नाते (जि. रायगड) येथे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञानाचा अभ्यास करून १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेतही ते पहिले आले. त्यांची नेमणूक मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. तत्कालीन गव्हर्नर सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांनी गव्हर्नरपद स्वीकारले व ते ३० जून १९४९ पर्यंत सांभाळले. सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटांवर प्रथमच एका भारतीय गव्हर्नरची सही आली. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेने पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहिले.

बँकांवरील देखरेख हा त्यांच्या कारकिर्दीचा गाभा होय. १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या हाती पुरेसे अधिकार नव्हते. बँकांसाठी स्वतंत्र कायद्याचा प्रस्ताव टेलर यांच्या काळातच पुढे आला होता. तो प्रत्यक्षात उतरला देशमुखांच्या वेळी. १९४६ च्या वटहुकुमाने तपासणीचा अधिकार मिळाला. १६ मार्च १९४९ पासून बँकिंग कंपनी कायदा लागू झाला आणि परवान्याशिवाय बँक चालवणे व परवानगीशिवाय शाखा उघडणे बंद झाले. ठेवी व इतर देण्यांच्या किमान २० टक्के रक्कम रोख, सोने किंवा मान्य कर्जरोख्यांत ठेवण्याचे बंधन आले. संचालकांना विनातारण कर्ज देण्यावरही लगाम बसला. त्याच वर्षी १ जानेवारीला भागधारकांची रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली होती.

१९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. इंपीरिअल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक उभी राहिली, ती त्यांच्याच काळात. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई या ख्यातनाम समाजसेविका.

हिशेबाच्या वह्यांत रमलेल्या या माणसाने कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला. उत्तरेकडची सरळ वाट सोडून उज्जैनला वळसा घे, महाकालाच्या सांजपूजेला तुझ्या गर्जनेचा नगारा वाजू दे, असे त्या काव्यातला यक्ष मेघाला सांगतो. शिप्राकाठचे ते नगर देशमुखांच्या लेखणीतून मराठीत आले. त्यांनी संस्कृतातही काव्यरचना केली.

रॅमन मॅगसेसे पुरस्कार (१९५९) व पद्मविभूषण (१९७५) हे त्यांचे प्रमुख सन्मान. हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. १९४९ चा बँकिंग कंपनी कायदा १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा म्हणून ओळखला जातो. सहकारी बँकाही तेव्हापासून त्याच्या कक्षेत आल्या.