जुम्मादादांच्या नावाचा आखाडा

आखाडा उस्तादाबरोबर उभा राहतो आणि बहुधा उस्तादाबरोबरच बसतो. बडोद्याचे जुम्मादादा व्यायाम मंदिर मात्र याला अपवाद ठरले. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांचे पट्टशिष्य राजरत्न प्रा. माणिकराव. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) बडोद्यात मल्लविद्येला राजाश्रय होता हे खरे, पण केवळ राजाश्रयावर शिष्यपरंपरा वाढत नसते.

जुनी रीत अशी की उस्ताद एका वेळी दोघाचौघांना डाव सांगणार, बाकीची पोरे बाजूला बसून पाहणार. माणिकरावांनी यावर संघव्यायामाचा उपाय योजला. लाठी, लेझीम यांचे हात मोजणीवर बांधले आणि मोठ्या समुदायाकडून ते एकदम करून घेतले. कवायतीचे हुकूम तेव्हा इंग्रजीत असत. ते त्यांनी हिंदीत आणले. मराठी, गुजराती, उर्दू घरांतल्या मुलांना एकच हुकूम, आणि तो कोणा एकाच्या घरचा नव्हे! दुभाषी मुलखात राहणाऱ्यांनाच याचे मोल कळेल. हुकूम कोणत्या भाषेत द्यायचा, एवढ्यावरून शाळेच्या मैदानात दोन फळ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

माणिकराव नामांकित हाडवैद्यही होते. त्यामुळे जन्मात कधी एक जोर न काढलेली माणसेसुद्धा निखळलेला खांदा धरून आखाड्याची पायरी चढत. गावाशी नाते असे जडले.

एवढा पसारा शिष्याने उभा केला; दारावर नाव राहिले ते जुम्मादादांचे.