आर्ब्रोथचे पत्र

१३२० साली स्कॉटिश सरदारांनी आर्ब्रोथहून पोप जॉन बाविसावे यांना पत्र धाडले. आमचा राजा रॉबर्ट ब्रूस हाच देश इंग्लंडच्या हवाली करू लागला, तर आम्ही त्यालाही दूर करू, असा त्याचा आशय. राजसत्तेला प्रजेची संमती हवी, ही स्कॉटिश धारणा या पत्राशी जोडली जाते. इंग्लंडने सार्वभौमत्व संसदेच्या ठायी मानले. १७०७ साली दोन्ही संसदा एक झाल्या, तरी स्कॉटलंडने आपले कायदे व चर्च राखले. २०१४ साली तेथील ५५ टक्के मतदारांनी ब्रिटनमध्येच राहणे पसंत केले. २०१६ साली मात्र इंग्लंडने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तर स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी राहण्याचा. वेगळी ओळख जपणे म्हणजे वैर नव्हे. ती नाकारली की वैर उपजते, असे आम्हांस वाटते.