वस्तू, गीत आणि संग्राहक : दि. गं. केळकर व गुरुसदय दत्त

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हे नाव प्रथम ऐकणाऱ्या परप्रांतीय अभ्यासकाची बहुधा अशी समजूत होते की, दिनकर केळकर नावाचा कोणी संस्थानिक होऊन गेला असावा आणि हे त्याच्या राजवाड्यातील वस्तुभांडार असावे. वस्तुस्थिती अगदी वेगळी आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे मध्यमवर्गीय गृहस्थ होते. घरचे दुकान चष्म्यांचे होते. 'राजा' हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला आणि पित्याने जन्मभर जमविलेल्या वस्तूंना त्याचे नाव दिले.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हेच केळकर आणखी एका नावाने परिचित असतात. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते कविता लिहीत. भा. रा. तांबे यांच्या कवितेचा १९२७ चा संग्रह त्यांनी संपादित केला. तांबे ग्वाल्हेरकडचे, त्यांची कविता पुस्तकरूपाने महाराष्ट्रातील वाचकांपुढे आली ती मायदेव, केळकर आणि पुढे माधवराव पटवर्धन या इतरांनी केलेल्या संपादनांतून. विखुरलेले एकत्र आणावे, त्याला क्रम द्यावा, नाव द्यावे आणि जतन करावे, ही वृत्ती केळकरांच्या ठायी वस्तूंपुरतीच नव्हती, हे यावरून दिसते. तथापि वाङ्मयेतिहासांत केळकरांची कविता थोडक्यात येते आणि संग्रहालयाचा उल्लेख 'त्यांचा छंद' म्हणून एखाद्या वाक्यात उरकला जातो. संग्रहालयाच्या परिचयपत्रांत याच्या नेमके उलट घडते. तेथे कवी हे एक विशेषण होऊन बसतो. एकाच माणसाच्या या दोन बाजू एकमेकींपासून दूर का राहिल्या, हा या निबंधाचा विषय आहे. त्याचा उलगडा एकट्या केळकरांकडे पाहून होत नाही. म्हणून त्यांच्याशेजारी बंगालमधील एक समकालीन संग्राहक, गुरुसदय दत्त (१८८२-१९४१), यांना ठेवून पाहावयाचे आहे.

केळकरांचा संग्रह १९२० च्या सुमारास सुरू झाला. जुने सरदार-घराण्यांचे वाडे तेव्हा मोडकळीस येत होते आणि घरातील पितळ मोडीत जात होते. दगडी मूर्ती, नाणी, शिलालेख जमविणारे इतिहासभक्त पुण्यात पुष्कळ होते. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून दप्तरे गोळा करीत होते. केळकरांची नजर मात्र फडताळात, माजघरात आणि न्हाणीघरात गेली. दिवे, कुलपे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, दौती, गंजिफा, वाद्ये, कोरीव दरवाजे, स्वयंपाकाची भांडी अशा नित्य हाताळण्याच्या वस्तू त्यांनी जमविल्या. या कामात पत्नी कमलाबाईंचा वाटा मोठा होता, आणि तो केवळ 'साहाय्य' या शब्दाने सांगून भागणारा नाही. माजघरातील वस्तू माजघरातूनच मिळतात. १९६२ मध्ये संग्रहालय स्थापन झाले आणि १९७५ मध्ये केळकरांनी ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी सुमारे अडीच हजार दालनांत मांडलेल्या आहेत.

यांतील अडकित्ते आणि वज्री यांच्यापुढे थोडे थांबावे. सुपारी कातरण्यासाठी दोन पाती आणि एक खीळ एवढेच पुरते. परंतु ही पाती कोठे घोड्याची, कोठे पोपटाची, कोठे स्त्रीपुरुषाच्या जोडीची आकृती धारण करतात, आणि अडकित्ता मिटताच ती आकृती पुरी होते. वज्री तर टाच घासण्याचे साधन. खालची बाजू खरखरीत, वर मात्र हत्ती, पक्षी, मिथुने. घरातील सर्वांत उपेक्षित कामाला ओतकाम करणाऱ्याने असा डौल का दिला असेल? उपयुक्तता आणि अलंकरण यांची जी फारकत आधुनिक सौंदर्यविचाराने गृहीत धरली, ती या कारागिराला ठाऊकच नव्हती, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. कारण वज्री वापरणाऱ्या स्त्रीने तिच्याविषयी काय म्हटले, हे त्यात येत नाही. ती स्त्री मुकी नव्हती. मराठीत तिच्या बोलण्याचा साठा आहे, आणि तो प्रचंड आहे. जात्याला ती देव म्हणते, त्याच्याशी भांडते, माहेरचे दुःख त्याच्यापुढे ओतते. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते. साने गुरुजींनी अशा ओव्या 'स्त्री जीवन'मध्ये संगृहीत केल्या, कमलाबाई देशपांडे यांनी 'अपौरुषेय वाङ्मया'चा अभ्यास केला, आणि गी प्वातव्हाँ व हेमा राईरकर यांनी १९८० नंतर गावोगाव फिरून जमविलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. हे शेवटचे कार्यही पुण्यातूनच चालले. म्हणजे एकाच शहरात गृहजीवनातील वस्तूही जमल्या आणि गीतेही. परंतु जमविणारे वेगळे, काळ वेगळा, वाचक वेगळे. वस्तू पुरातत्त्वाकडे गेली, गीत लोकसाहित्याकडे.

बंगालमध्ये ही विभागणी इतकी कडक झाली नाही. रवींद्रनाथांनी १८९४-९५ च्या सुमारास मुलांच्या आणि बायकांच्या तोंडच्या 'छडा' गोळा करून बंगीय साहित्य परिषदेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केल्या. पुढे अवनींद्रनाथांनी 'बांग्लार ब्रत' या पुस्तकात व्रतांची गाणी आणि त्या व्रतांसाठी काढल्या जाणाऱ्या अल्पना यांचा एकत्र विचार केला. एका चित्रकाराला व्रतकथा वाचल्याशिवाय रांगोळी समजत नाही, हे तेथे मान्य झाले होते. गुरुसदय दत्त या वातावरणात वाढले. सिल्हेट जिल्ह्यातील बीरश्री हे त्यांचे गाव. १९०५ मध्ये ते आय.सी.एस. झाले. १९२५ मध्ये त्यांच्या पत्नी सरोजनलिनी वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ स्त्रियांसाठी संस्था निघाली, दत्तांनी त्यांचे चरित्र लिहिले, आणि १९२९ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती रवींद्रनाथांच्या प्रस्तावनेसह लंडनच्या होगार्थ प्रेसने काढली. ही वुल्फ दांपत्याची प्रकाशनसंस्था होती. ग्रामीण कलावस्तूंचा दत्तांचा संग्रह प्रामुख्याने त्यानंतरच्या दशकातला आहे. केळकरांप्रमाणे येथेही संग्रहाच्या पाठीशी घरातला एक मृत्यू उभा आहे. पण केळकरांचा संग्रह आधी सुरू झाला होता आणि नाव नंतर मिळाले, हा फरक विसरून शोकाला सर्वस्वी कारण ठरविणे ही चरित्रकाराची हौस होईल.

दत्तांनी कंथा, पट, लाकडी बाहुल्या, साचे, मृत्पात्रे जमविली. वीरभूम जिल्ह्यात अधिकारी असताना त्यांनी रायबेंशे हे नृत्य पाहिले आणि त्याचा प्रसार केला. १९३२ मध्ये ब्रतचारी चळवळ सुरू केली. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र 'पटुआ संगीत' (१९३९) हे वाटेल. पटुआ हा चित्राची लांब गुंडाळी उलगडत, बोटाने एकेक चौकट दाखवीत कथा गातो. दत्तांनी पट विकत घेतले आणि त्या पटांची गाणीही उतरवून घेतली. ती कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केली. पट हे चित्र आहे की काव्य, हा प्रश्न त्यामुळे बंगाली अभ्यासकापुढे निदान उपस्थित तरी झाला.

आता याच्यासमोर आपली चित्रकथी ठेवून पाहू. केळकर संग्रहालयातील चित्रकथी हा त्या संग्रहाचा एक मोलाचा भाग होय. काही चित्रे पैठणकडे मिळाल्यामुळे 'पैठण चित्रे' हे नाव रूढ झाले. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगविलेले, आणि त्यांच्या जुडग्याला नाव 'पोथी'. हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. जिच्यात लिहिलेले काहीच नाही, जिचा सारा मजकूर गाणाऱ्याच्या तोंडात आहे, अशी ही पोथी. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंत वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने ही पोथी सादर करीत आले. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. केळकरांनी पोथी मिळविली. तिची गीते मिळविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले नाही. एका कवीने, आणि तेही दुसऱ्याची कविता निगुतीने संपादित करणाऱ्या कवीने, हे करू नये याचे प्रथम आश्चर्य वाटते.

माझ्या मते याचे कारण केळकरांच्या रसिकतेतील उणीव नव्हे. त्या काळच्या मराठी काव्यविचाराने आखलेली सीमा हे आहे. तांबे, रविकिरण मंडळ आणि त्यांचे वाचक यांच्या लेखी कविता म्हणजे कवीचे नाव असलेली, छापलेली, आत्मपर रचना. चित्रकथ्याचे गाणे हे कविता म्हणून संपादनयोग्य ठरण्यासाठी जो विचार लागतो, तो मराठीत ओव्यांच्या संदर्भात येऊ लागला होता. चित्रासह गायिल्या जाणाऱ्या कथेपर्यंत तो पोहोचला नव्हता. तेव्हा केळकरांची वाङ्मयीन दृष्टी छापील कवितेपाशी थांबली आणि वस्तूंवरील त्यांचे प्रेम तिच्या पलीकडे निघून गेले. पुढे पिंगुळीतच, परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभे केले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तेथे चित्र दाखविणारा स्वतःच गातो.

म्हणून दत्तांना वरचढ ठरवावे असे मात्र नाही. दत्त जिल्ह्याचे अधिकारी होते. दौरे, वाहन, हाताखालचा वर्ग आणि अधिकाराचा दबदबा त्यांच्यापाशी होता. साहेबाने एखादी कंथा आवडली म्हटल्यावर ती देणाऱ्या घराने मनापासून दिली की भिडेखातर, हे संग्रहावरून कळत नाही. केळकरांना प्रत्येक वस्तूसाठी पदरमोड आणि मनधरणी करावी लागली. दुसरे असे की, दत्तांच्या ठिकाणी कलाप्रेम लवकरच कार्यक्रम झाले. ब्रतचारीच्या शिस्तीत, शपथांत आणि कवायतीत लोककलेला राष्ट्रीय चारित्र्याचे साधन व्हावे लागले. पटुआ समाज हिंदू देवदेवतांच्या कथा गातो आणि त्यातील अनेकजण धर्माने मुसलमान आहेत. ही गुंतागुंत 'बंगाली आत्मा' या कल्पनेत सहजासहजी मावत नाही. केळकरांनी आपल्या वस्तूंकडून असे काही काम मागितले नाही. त्यांच्या संग्रहात राजस्थान, गुजरात, दक्षिण येथील वस्तूही मराठी वस्तूंच्या शेजारी निर्धास्त बसतात. सिद्धान्ताचा अभाव हा येथे गुण ठरला.

संग्रहांचे पुढचे दैवही सारखे नाही. शासनाच्या हाती गेल्याने केळकरांचा संग्रह टिकला. दत्तांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका येथील ब्रतचारीग्राममध्ये १९६३ मध्ये लोकांसाठी खुला झाला. पण २०१७ मध्ये केंद्राचे अनुदान बंद झाले आणि तीन हजारांहून अधिक वस्तूंचे हे संग्रहालय अडचणीत आले. त्यातील कंथांपैकी कित्येक खुलना, जेसोर, फरीदपूर या भागांतील, म्हणजे आज बांगलादेशात असलेल्या गावांतील आहेत.

त्यांत मानदासुंदरी दासी हिची एक कंथा आहे. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर सुईने काढलेले शिपाई, घोडेस्वार, साहेब, आणि त्यांच्यात टाक्यांनीच लिहिलेला मजकूर : ही आपण आपल्या हाताने वडिलांसाठी केली, असे ती सांगते. वस्तू, तिची कर्ती आणि तिचे वाक्य ही तिन्ही एकाच कापडावर आहेत. पुण्याच्या दालनातून अडकित्त्यांपुढून फिरताना या कंथेची आठवण होते. त्या पितळेवर ओतणाऱ्याचे नाव नाही, कातरणाऱ्या हाताचे नाही. फलकावर नाव आहे ते एका लहान मुलाचे, आणि ज्याने हे सारे जमविले त्याने स्वतःसाठी निवडलेले नाव होते 'अज्ञातवासी'.