अँटवर्पला गेलेले धावपटू : पुण्यातील निवड व मॅरेथॉनचा प्रश्न (१९१९–१९२०)

इ. स. १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचा जो पहिला संघ गेला, त्याची हकीकत बहुधा सर दोराबजी टाटा यांच्या औदार्याची कथा म्हणून सांगितली जाते. ते औदार्य खरेच होते, व त्याचा उल्लेख पुढे येईलच. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अधिक विचारणीय प्रश्न वेगळा आहे. ज्या देशात धावण्याच्या शर्यतींची मध्यवर्ती संस्था नव्हती, मोजून आखलेली धावपट्टी दुर्मिळ होती आणि परदेशी धावपटूंच्या वेळांची माहिती फारच थोड्यांस होती, त्या देशात जागतिक स्पर्धेसाठी माणसे निवडली गेली ती कोणत्या पुराव्यावर? मॅरेथॉनच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड होतो, कारण त्या शर्यतीचे अंतरच तेव्हा सर्वत्र एक नव्हते.

डेक्कन जिमखाना ही संस्था पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झाली व दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. टाटांचे काही शिक्षण इंग्लंडात, केंब्रिज येथे झाले होते व तेथील मैदानी खेळांचे वळण त्यांच्या अंगी मुरले होते. १९१९ मध्ये जिमखान्याच्या शर्यती पाहण्यास ते गेले, तेव्हा त्यांना जे दिसले त्याचे वर्णन त्यांनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस लिहिलेल्या पत्रात केले आहे. स्पर्धक बहुतेक शेतकरी कुटुंबांतील तरुण होते. शेतात राबणारे, साध्या अन्नावर वाढलेले, युरोपीय नियमांची वा शिक्षणाची काहीही ओळख नसलेले. मैदान लहान, गवताळ आणि रोलर न फिरवलेले होते. शंभर यार्डांची शर्यत चालक मंडळी वळणावरून, तीही धावपटूंमध्ये दोऱ्या न लावता, घेणार होती. अशा स्थितीतही अनवाणी धावणाऱ्या काहींच्या वेळा युरोपातील वेळांच्या जवळ गेल्या, असे टाटा नमूद करतात.

याच काळातील आणखी एक हकीकत नंतरच्या लिखाणात आढळते. शंभर मीटरच्या शर्यतीत पात्रतेसाठी किती वेळ लागावा, असे जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदास विचारले असता त्यांनी एक ते दोन मिनिटे असे उत्तर दिले, आणि येथे मिनिटांचा नव्हे तर सेकंदाच्या अंशांचा हिशेब असतो हे कळल्यावर ते थक्क झाले. ही गोष्ट हसण्यावारी नेली जाते. तसे करणे अन्यायाचे आहे. गावच्या जत्रेत किंवा उरुसात जी शर्यत लागते, तीत पहिला कोण आला एवढेच पाहावयाचे असते. घड्याळाचे तेथे काम नसते. घड्याळ लागते ते समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी तुलना करावयाची असेल तेव्हा. पुण्याच्या मैदानावर धावणाऱ्या तरुणाची तुलना फिनलंडच्या किंवा अमेरिकेच्या धावपटूशी करण्याचा प्रसंग १९१९ पूर्वी कोणावर आला नव्हता, म्हणून ते ज्ञानही कोणी मिळविले नव्हते.

कुस्तीची गोष्ट निराळी होती. तेथे निवडीची रीत आधीपासून सिद्ध होती. आखाड्यात दोघे उतरतात, एक चीत होतो, आणि पाहणाऱ्या जाणत्यांस कोणाची तयारी किती हे कळते. अँटवर्पला गेलेल्या दोन मल्लांपैकी शिंदे यांस फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळाला; कांस्यपदकाच्या लढतीत ते ब्रिटनच्या बर्नार्ड यांच्याकडून पराभूत झाले. ज्या खेळात निवडीची परंपरा देशातच होती त्यात संघ पदकाच्या इतका जवळ गेला, हे योगायोगाचे म्हणून सोडून देता येत नाही.

धावण्याच्या शर्यतीत, आणि त्यातही लांब अंतराच्या, चाचणी घेतल्याने अर्धाच प्रश्न सुटतो. जमलेल्यांत श्रेष्ठ कोण हे चाचणी सांगते. तो श्रेष्ठ परदेशी पाठविण्याजोगा आहे की नाही हे सांगत नाही. त्यासाठी वेळ हवी, आणि वेळेला अर्थ यावयाचा तर अंतर नेमके मोजलेले हवे. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर प्रथम १९०८ मध्ये लंडनला धावले गेले असले, तरी आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक संघटनेने ते कायम केले १९२१ मध्ये. त्याआधी प्रत्येक ऑलिंपिकचा रस्ता थोडाबहुत वेगळा होता. इंग्लंडमध्ये पॉलिटेक्निक हॅरिअर्स या संस्थेने १९०८ च्या सामन्यांपूर्वी चाचणी शर्यत घेतली व १९०९ पासून स्वतःची वार्षिक मॅरेथॉन सुरू केली, त्यामुळे तेथील निवडकर्त्यांजवळ निदान दरवर्षी धावल्या जाणाऱ्या शर्यतीचा आधार होता. पुण्यात तसा आधार नव्हता.

आशियातील दुसऱ्या देशाचा अनुभव येथे ताडून पाहण्याजोगा आहे. जपानात जुदोचे प्रवर्तक कानो जिगोरो हे १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीवर आले व त्यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९११ मध्ये हानेदा येथे सुमारे २५ मैलांची चाचणी शर्यत झाली. तीत कानाकुरी शिझो या विद्यार्थ्याने इतक्या थोड्या वेळात अंतर कापले की तो जागतिक विक्रम म्हणून गाजला. रस्त्याच्या मोजणीविषयी मात्र पुढे शंका घेतल्या गेल्या. या वेळेच्या बळावर कानाकुरी १९१२ मध्ये स्टॉकहोमला गेले, आणि तेथील कडक उन्हात त्यांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. म्हणजे चाचणी होती, घड्याळ होते, वेळही उत्तम होती. तरी त्या वेळेचा भरवसा धरता आला नाही.

पुण्याच्या मंडळींनी वेळेवर फारसा भर दिला नाही, हे टाटांच्या पत्रावरून स्पष्ट दिसते. लांब अंतराच्या धावपटूंनी टाटांवर बरी छाप पाडली. परंतु युरोपीय परिस्थितीत तयार झालेल्या युरोपियन धावपटूंस ही कामगिरी शोभली नसती, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले आहे. मग पाठवावयाचे कशासाठी? योग्य अन्न, अनुभवी शिक्षक आणि देखरेख मिळाली तर हीच माणसे देशाचे नाव राखतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. थोडक्यात, निवड केली गेली ती सिद्ध झालेल्या कामगिरीची नव्हे, संभाव्य सामर्थ्याची. निवडीचा हा निकष जपानी निकषाहून भिन्न आहे, आणि तो उघडपणे मांडण्याइतका प्रामाणिकपणा टाटांजवळ होता.

हा युक्तिवाद त्यांनी १९१९ मध्येच मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे ठेवला. (काही लिखाणांत या ठिकाणी ‘लॉइड जॉर्ज’ असे नाव पडले आहे, ते त्या काळचे ब्रिटिश पंतप्रधान होत, मुंबईच्या गव्हर्नरशी त्यांचा घोटाळा करू नये.) ब्रिटिश ऑलिंपिक समितीचे साहाय्य मिळवून हिंदुस्थानास सामन्यांत प्रवेश मिळाला. निधीसाठी लोकांकडे मागणी केली गेली, तिला प्रतिसाद बेताचाच आला. सरकारने ६,००० रुपये दिले, टाटांनी पदरचे ८,००० घातले. एका व्यक्तीची देणगी सरकारच्या देणगीहून मोठी असावी, यावरून त्या उपक्रमास सरकार किती महत्त्व देत होते ते समजते.

एप्रिल १९२० मध्ये चाचण्या होऊन चार धावपटू व दोन मल्ल निवडले गेले. धावपटूंत बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे कमी अंतरासाठी होते. उरलेले तिघे, म्हणजे बेळगावकडील फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी, हे लांब अंतराचे. चारांतील तिघे लांब अंतराचे असणे हेच समितीच्या मताचे सर्वांत बोलके प्रमाण होय. कमी अंतरात धावपट्टी, सुरुवातीची झेप, जोडे व शिक्षण यांचा वाटा मोठा असतो, आणि या साऱ्यांची येथे उणीव होती. लांब अंतरात दम, पायांची सवय व सोशिकपणा यांचा वाटा अधिक. दख्खनच्या शेतकरी तरुणांजवळ जे आहे ते कोठे उपयोगी पडेल, याचा अंदाज समितीने बरोबर बांधला होता.

संघाचे व्यवस्थापन सोहराब भूत व टेनिसपटू डॉ. फैजी यांजकडे देण्यात आले. जून १९२० मध्ये मंडळी मुंबईहून बोटीने निघाली व सामन्यांपूर्वी सुमारे सहा आठवडे लंडनमध्ये त्यांस शिक्षण मिळाले. टाटांच्या युक्तिवादातील ‘योग्य अन्न व अनुभवी शिक्षक’ ही अट पुरी करावयास मिळालेला अवधी तो एवढाच.

अँटवर्पची मॅरेथॉन २२ ऑगस्ट १९२० रोजी झाली. अंतर ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे पुढे कायम झालेल्या अंतरापेक्षा ५५५ मीटर अधिक. ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. हवा थंड व पावसाळी होती. एप्रिलच्या उन्हात पुण्यात पारखलेल्या माणसांना ऑगस्टच्या पावसात युरोपच्या रस्त्यावर धावावे लागले. फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेन यांनी २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत शर्यत जिंकली. एस्टोनियाचे युरी लोसमान अवघ्या तेरा सेकंदांनी मागे राहिले. तिसरे आलेले इटलीचे व्हालेरिओ आरी यांनी शेवटची रेषा ओलांडल्यावर आनंदाने कोलांट्या मारल्याचे वर्णन आहे. दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोचले व त्यांचा क्रमांक १९ वा लागला. विजेत्याच्या मागे सव्वाअठरा मिनिटांहून थोडे कमी. गतीच्या हिशेबाने पाहिले तर विजेत्यास किलोमीटरमागे सरासरी ३ मिनिटे ३४ सेकंद लागले आणि चौगुले यांस सुमारे ४ मिनिटे.

या निकालाचे मोल ठरविताना पुन्हा कानाकुरींकडे वळणे भाग आहे. स्टॉकहोमच्या अपयशानंतर आठ वर्षे त्यांनी साधना केली, देशात लांब शर्यतींची प्रथा रुजविण्यास हातभार लावला, आणि अँटवर्पला ते १६ वे आले. चौगुले त्यांच्या मागे तीनच क्रमांकांवर, सुमारे दोन मिनिटांच्या अंतराने होते. एकाच्या मागे जवळजवळ दशकाची तयारी, दुसऱ्याच्या मागे एक चाचणी व सहा आठवड्यांचे शिक्षण. टाटांचा अंदाज खोटा ठरला नाही असेच म्हणावे लागते. दोघांपैकी एक धावपटू मध्येच थांबला, हा मात्र त्या निकषाचा दुसरा भाग. संभाव्य सामर्थ्यावर केलेल्या निवडीत अशी जोखीम असतेच. ज्यांनी वेळ पाहून निवड केली त्या जपान्यांच्या वाट्यालाही ती आली होती.

पुढील सामन्यांच्या वेळी व्यवस्था पालटली. निवडीचे काम एका शहरातील एका संस्थेकडे न ठेवता प्रांतोप्रांती चाचण्या घेण्याचे ठरले. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्ली येथे अखिल भारतीय सामने झाले, आणि त्यांतून निवडलेले आठ धावपटू मद्रासच्या वाय. एम. सी. ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे संस्थापक हॅरी बक यांच्या व्यवस्थापनाखाली पॅरिसला गेले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन होऊन टाटाच तिचे पहिले अध्यक्ष झाले. निवडीची रचना निःसंशय अधिक न्याय्य झाली. बेळगावकडचा तरुण पुण्यास पोचू शकत होता. पंजाबातील वा मद्रासेतील तरुणास १९२० मध्ये ती वाट जवळजवळ बंदच होती.

पण मॅरेथॉनपुरते पाहिल्यास न्याय्य रचनेने लगेच अधिक वेगवान धावपटू दिला असे झाले नाही. १९३६ मध्ये बर्लिनला स्वामी यांचा क्रमांक ३७ वा लागला. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे सुरतसिंग माथुर २ तास ५८ मिनिटांत ५२ वे आले. रस्ता अँटवर्पपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक आखूड होता व मध्ये बत्तीस वर्षे लोटली होती, तरी चौगुले यांच्या वेळेस सात मिनिटे भारी पडली. ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये भारतीय धावपटूचा क्रमांक एकोणिसाच्या वर गेला तो १९७६ मध्ये, मॉन्ट्रियल येथे, शिवनाथसिंग अकरावे आले तेव्हा.