आखाड्याची परवानगी

निजामाच्या हैदराबाद संस्थानात आखाडा काढायलाही सरकारी परवानगी लागे. तालमीत घुमणाऱ्या पोरांची राजवटीला धास्ती होती. १९४८ साली संस्थान गेले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि आपला आदिलाबाद आंध्रात गेला. २०१४ साली तेलंगणात आला. आखाड्यावरची ती अट केव्हाच संपली. आज मात्र संध्याकाळी मैदान ओस, आणि वर्गात स्थूल मुले दिसू लागली. खाण्याचा दोष आहेच. पण पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खेळाचा तास गणिताला देणारा मुख्याध्यापक मीच! निजामाने आखाड्याला अट घातली. आम्ही खेळाला वेळच ठेवला नाही. यंदा तो तास मुलांना परत दिला आहे.