वाटाण्याचा पराक्रम

आकुर्डीतला आमचा नातू कार्टूनमधल्या कुटुंबाबरोबर जमिनीखालचं गुप्त जग धुंडाळत असतो. मी म्हणतो, बाबा रे, हा उद्योग दादासाहेब फाळक्यांनी १९१२ सालीच केला! लंडनहून कॅमेरा आणला, कुंडीत वाटाणा पेरला आणि थोडीथोडी चित्रं टिपत तो मिनिटभरात पडद्यावर उगवून दाखवला. वाटाणा पाहून पैसेवाला पाघळला. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडायचे ते पडलेच. (हे ऐकून आमच्या हिनं बांगड्या पदराखाली घेतल्या.) पुढं १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या नाचवल्या. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये तर डोहातल्या नागाशी झुंजायला पोटची पोर, मंदाकिनी, कृष्ण करून धाडली. भाड्याचा कृष्ण परवडला नसावा.