किती किलोवॅट? धरमपेठचं एक छत आणि १८६७ सालचा एक निर्णय

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचे इअरफोन हरवलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित मजकूर. जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

सुरुवात आमच्या घरापासून. धरमपेठेत आमचं जुनं घर आहे. आजोबांनी बांधलेलं, वर मोकळी गच्ची, दक्षिणेला आजीनं लावलेला कडुनिंब. मागच्या जूनमध्ये एक सोलरवाला घरी आला. त्यानं मे महिन्याचं बिल हातात घेतलं. ५२० युनिट. दोन कूलर, एक एसी, नागपूरचा मे, अजून काय होणार! त्यानं मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाला, "काकाजी, पाच किलोवॅट लावून टाका. बिल झिरो. फक्त त्या निंबाच्या फांद्या तेवढ्या छाटाव्या लागतील."

बाबा नुकतेच रिटायर झालेत. पैसे पीएफचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इंजिनिअर आहेस ना? सांग मग, पाच की तीन?"

मी बीटेक आहे, पण सॉफ्टवेअरवाला. मला लोड म्हटलं की सर्व्हरचं लोड आठवतं. तरी मी दोन आठवडे मागून घेतले आणि वाचत बसलो. तेव्हा लक्षात आलं की 'किती किलोवॅट' या प्रश्नाचं उत्तर दर काळात वेगळं होतं. ऊन तेच होतं, हिशेबाचे नियम बदलत गेले. आजचा एपिसोड त्या नियमांच्या इतिहासावर.

सात शिपायांचं जेवण

गोष्ट आपल्याच राज्यात सुरू होते, मुंबईत. १८७० च्या दशकात विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज तिथे डेप्युटी रजिस्ट्रार होता. नोकरी कागदपत्रांची, पण डोक्यात ऊन. त्यानं आठ आरशांची एक सूर्यचूल बनवली. पुढे बरेच सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून बॉयलरवर ऊन टाकलं आणि अडीच हॉर्सपॉवरचा वाफेचा पंप चालवून दाखवला. १८७८ मध्ये त्यानं मुंबईतच यावर पुस्तक छापलं. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरा, असा त्याचा मुद्दा.

मला त्यातला एक तपशील फार आवडला. त्याची चूल किती मोठी? तर जानेवारीच्या उन्हात सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजेल एवढी. चुलीचं माप त्यानं आरशांत सांगितलं नाही, जेवणाऱ्यांत सांगितलं. आधी गरज मोजायची, मग यंत्र. आमच्या सोलरवाल्यानं गरज म्हणून फक्त मे महिना मोजला होता. म्हणजे लग्नाच्या पंगतीवरून घरातला रोजचा कुकर विकत घ्यायचा.

वाईट दिवसाचा हिशेब

आता थेट १९५४. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा सोलर सेल बनवला. २५ एप्रिलला तो जगाला दाखवला, त्यावर खेळण्यातला छोटा आकाशपाळणा फिरवून. पडलेल्या उजेडापैकी साधारण ६ टक्क्यांची वीज व्हायची. आज आपल्या गच्चीवरचं चांगलं पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे जातं.

त्या सेलला पहिलं मोठं काम मिळालं अंतराळात. १७ मार्च १९५८ ला व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह गेला. त्यात दोन ट्रान्समीटर होते, एक बॅटरीवरचा, एक सहा सोलर सेलवरचा. बॅटरीवाला काही आठवड्यांत गप्प झाला. सोलरवाला १९६४ पर्यंत बोलत राहिला.

तिथून पुढे बरीच वर्षं सोलर म्हणजे जिथे वायर पोहोचत नाही तिथली वीज. उपग्रह, समुद्रातले दिवे, डोंगरावरचे टॉवर, दूरचे पाडे. तिथे माप काढायची एकच रीत होती: सगळ्यात वाईट दिवस धरायचा. तीन दिवस ढग असले तरी दिवा चालला पाहिजे. म्हणून पॅनेल मोठं, बॅटरी त्याहून मोठी.

आपल्या पिढीच्या डोक्यात सोलरचं हेच चित्र बसलंय, आणि त्याला कारण आहे भारनियमन. २००५ नंतरची ती वर्षं आठवा. कोराडीचं वीज केंद्र नागपूरच्या अगदी जवळ, १९७४ पासून चालू, आणि आपण अंधारात पाढे म्हणतोय. घरोघरी इन्व्हर्टर आले. आमच्याकडे पॅसेजमध्ये बॅटरी होती, तिच्यात पाणी टाकायचं काम माझं. त्यामुळे सोलर म्हटलं की बाबांना वाटतं, लाइट गेली की हे चालेल.

नाही चालणार! आज शहरात बहुतेक घरांवर लागतं ते ऑन-ग्रिड सोलर. ग्रिड गेलं की तेही बंद होतं, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरची वीज झटका देईल. लाइट गेल्यावर वीज हवी असेल तर बॅटरीवाली हायब्रिड सिस्टिम लागते आणि तिचा खर्च वेगळा.

चकती उलटी फिरली

मग वाईट दिवसाचा हिशेब सुटला कधी? जुन्या मीटरमधली ॲल्युमिनियमची चकती आठवते? १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत काही लोकांनी छतावर पॅनेल लावले आणि घराची वीज ग्रिडला जोडली. दुपारी वीज जास्त झाली की चकती उलटी फिरायची, आकडा कमी व्हायचा. १९८३ मध्ये मिनेसोटा राज्यानं यासाठी कायदा केला. यालाच आपण आज नेट मीटरिंग म्हणतो.

त्या एका कल्पनेनं मापाचं गणितच बदललं. ग्रिड हीच बॅटरी झाली. वाईट दिवसाची चिंता गेली, वर्षाची सरासरी पुरेशी झाली.

आपल्याकडे हे उशिरा आलं. तसं नागपूरचं नाव सोलरमध्ये जुनं आहे. २००८ मध्ये केंद्रानं सोलर सिटी कार्यक्रम आणला, त्यात नागपूर मॉडेल सोलर सिटी होतं. पाच वर्षांत नेहमीच्या विजेची मागणी १० टक्क्यांनी कमी करायची, असं उद्दिष्ट. पण घरच्या छतासाठी खरा बदल झाला सप्टेंबर २०१५ मध्ये, जेव्हा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानं नेट मीटरिंगचे नियम काढले. दुपारची जास्तीची युनिट जमा, रात्री वापरा, महिन्यात उरली तर पुढच्या महिन्यात.

इथवर वाचून मी खूश झालो. मग काय, वर्षाची युनिट घ्यायची आणि भागायची! पण त्याच नियमात एक ओळ आहे. जमा युनिट आर्थिक वर्ष संपेपर्यंतच पुढे जातात. ३१ मार्चला खातं बंद. उरलेली युनिट वीज कंपनी घेते, पण आपण ज्या दरानं विकत घेतो त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी दरानं.

१८६७ आणि आमचा कूलर

आता हे ३१ मार्च कुठून आलं? भारतात सरकारी हिशेबाचं वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल होतं. १८६७ मध्ये ब्रिटिश सरकारनं ते १ एप्रिल ते ३१ मार्च केलं, लंडनच्या हिशेबाशी जुळावं म्हणून. तेव्हा वीज नव्हती, कूलर नव्हता, कोणाच्या छताचा विचार करायचं कारणच नव्हतं.

पण नागपूरचं वर्ष बघा. आपली सगळ्यात जास्त वीज जाते एप्रिल, मे, जूनमध्ये. म्हणजे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, जेव्हा खात्यात जमा शून्य. आणि ऑक्टोबर ते मार्च पंखे बंद, ऊन छान, युनिट साचत जातात. ती साठवण उन्हाळ्यासाठी हवी, पण उन्हाळा दारात उभा असताना ३१ मार्चला खातं रिकामं होतं. राजेहो, वर्ष जुलैत सुरू झालं असतं तर आपलं गणित वेगळं असतं!

मी घरची बारा बिलं काढली. गोल आकडे सांगतो. एप्रिल ४३०, मे ५२०, जून ४००. जुलै २४०, ऑगस्ट २२०, सप्टेंबर आणि ऑक्टोबर २३० प्रत्येकी. नोव्हेंबर १६०, डिसेंबर आणि जानेवारी १५०, फेब्रुवारी १६०, मार्च २६०. एकूण ३,१५० युनिट. महिन्याची सरासरी २६२. मे महिन्याच्या निम्मीच!

आता वीज किती बनेल? आपल्याकडे एक किलोवॅट सरासरी दिवसाला चारच्या आसपास युनिट देतं. पावसाळ्यात तीनच्या खाली, मार्चमध्ये साडेचारपर्यंत. आणि एक गैरसमज काढून टाका: जास्त गरमी म्हणजे जास्त वीज नाही. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. मेच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांवर गेलं तर तेवढ्यानंच १३-१४ टक्के कमी मिळतात. पॅनेलला ऊन आवडतं, ताप नाही.

हे धरून मी महिनावार शीट केली. अंदाजच आहे, पण दिशा कळते.

२.२ किलोवॅट लावलं, तर वर्षात ६५० युनिट विकत घ्यावी लागतात आणि मार्चअखेर ४९५ उरतात.

३ किलोवॅट लावलं, तर फक्त एप्रिल ते जून मिळून २४० युनिट विकत. मार्चअखेर उरतात १,२१०.

५ किलोवॅट लावलं, तर विकत शून्य. आणि मार्चअखेर उरतात ३,७००! म्हणजे घर वापरतं त्याच्यापेक्षा जास्त वीज स्वस्तात देऊन टाकायची.

म्हणजे तीनवरून पाचवर जायला जवळजवळ दोन-तृतीयांश जादा माल लागतो आणि त्यातून पूर्ण दराची वाचते फक्त २४० युनिट. सोलरवाला खोटं बोलला नव्हता, बिल खरंच झिरोजवळ आलं असतं. पण त्या झिरोची किंमत बाबांच्या पीएफमधून गेली असती.

सबसिडी कुठे थांबते

अजून एक आकडा धोरणातून येतो. १३ फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, लक्ष्य एक कोटी घरं. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० वर थांबा. चौथ्या किलोवॅटला केंद्राचा एक रुपयाही नाही. योजनेचा स्वतःचा सल्लाही तसाच आहे: महिन्याला १५० ते ३०० युनिट वापर असेल तर २ ते ३ किलोवॅट.

आणि पुढचं? जून २०२३ मध्ये केंद्रानं वीज ग्राहक हक्क नियम बदलले. दिवसाच्या वेळेनुसार दर आणायचे, आणि उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवायचा. सगळ्यांच्या छतावर दुपारी वीज बनायला लागली की दुपारची वीज स्वस्त होणारच. म्हणजे आज 'जास्त लावा, युनिट जमा होतील' म्हणणाऱ्यानं हे गृहीत धरलंय की पॅनेलच्या २५ वर्षांत नियम हलणार नाहीत. आत्तापर्यंतचा इतिहास तर उलटंच सांगतो.

सावलीचाही प्रश्न आहे. धरमपेठेत जुनी घरं पाडून उंच स्कीमा होताहेत. आपल्या बाजूला झाली तर ऊन गेलं. १८८२ चा ईझमेंट्स कायदा वीस वर्षं मिळालेल्या उजेडाचा हक्क मानतो, पण तो इमारतीत येणाऱ्या उजेडाबद्दल लिहिलेला आहे, गच्चीवरच्या पॅनेलचा त्यात विचारच नाही. म्हणून पॅनेल कुठे बसवायचे हे ठरवताना शेजारच्या प्लॉटकडेही बघा.

मग काय ठरलं

मी बाबांना शीट दाखवली. ते बराच वेळ एका ओळीवर बोट ठेवून बसले, ३,७०० च्या. मग म्हणाले, "म्हणजे हिवाळ्यात आपण मजुरी करायची आणि मार्चमध्ये कोणी दुसऱ्यानं जेवायचं." मी म्हटलं, अगदी बरोबर.

आम्ही तीन किलोवॅट लावलं. सहा पॅनेल, तोंड दक्षिणेला, गच्चीच्या पूर्व भागात. पुढे इलेक्ट्रिक स्कूटर आली तर साचणारी युनिट तिला कामी येतील. कडुनिंबाची एकही फांदी छाटली नाही. दुपारी त्याची सावली पश्चिमेच्या खोलीवर पडते, आणि त्या खोलीतला कूलर कमी चालतो. ही बचत माझ्या शीटमध्ये नाही, पण आजीला माहीत असणार.

तुमच्यासाठी गृहपाठ एकच. कोणी घरी येऊन किलोवॅट सांगायच्या आधी बारा बिलं एप्रिल ते मार्च अशी लावा. शेजारी त्या-त्या महिन्याची वीज लिहा. मग ३१ मार्चला किती उरतं ते बघा. तो आकडा वर्षाच्या वापराच्या निम्म्याहून जास्त असेल तर एक पॅनेल कमी करून पुन्हा हिशेब करा.

तुमच्या घरचा आकडा किती आला ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, पॅनेलवरची धूळ सकाळी लवकर पुसा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका!